षटकार १२५ मीटर जायला हवा, मग ८० मीटरवरच का पडतो? चेंडू, भाला, ट्रक आणि रेल्वेला अडवणाऱ्या हवेची गोष्ट

समजा, फलंदाजाने चेंडू ताशी १२६ किलोमीटर वेगाने आणि बरोबर ४५ अंशांच्या कोनात टोलवला. अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकातलं सूत्र वापरलं, तर हा चेंडू १२५ मीटर लांब जाऊन पडायला हवा. प्रत्यक्ष मैदानात तो ७८ ते ८० मीटरवर खाली येतो. म्हणजे मोठ्या मैदानावर जो फटका प्रेक्षकांच्या डोक्यावरून जायला हवा होता, त्याचा सीमारेषेवर झेल होऊ शकतो.

मधले ४५ मीटर गेले कुठे? ते हवेने खाल्ले.

सायन्सला असलेल्यांना ते वाक्य नक्की आठवत असेल : ‘हवेचा रोध नगण्य मानू.’ गणित सोपं व्हावं म्हणून हे वाक्य लिहिलेलं असतं. पण वेग जरा वाढला की हवा नगण्य राहत नाही. चेंडू, गोळी, भाला, ट्रक, रेल्वे अशा सगळ्यांच्या बाबतीत हे घडतं आणि हवेला नगण्य मानण्याची चूक काही वेळा माणसांच्या जिवावरही बेतली आहे.

वेग दुप्पट, तर रोध चौपट

हवा दिसत नसली तरी तिला वजन असतं. समुद्रसपाटीला एक घनमीटर हवेचं वस्तुमान साधारण १.२ किलो भरतं. कोणतीही वस्तू पुढे जाते, तेव्हा तिला समोरची हवा बाजूला सारावी लागते. हे काम फुकटात होत नाही.

आता वेग दुप्पट केला तर काय होईल? एका सेकंदात दुप्पट हवा समोर येईल. शिवाय ती दुप्पट वेगाने बाजूला सारावी लागेल. दोन दुणे चार, म्हणून वेग दुप्पट झाला की रोध चौपट होतो. वेग तिप्पट झाला, तर रोध नऊपट. याशिवाय वस्तूचा समोरून दिसणारा आकार किती मोठा आहे, तिची ठेवण कशी आहे आणि हवा किती दाट आहे, यावरही रोध ठरतो.

क्रिकेटच्या चेंडूचंच बघा. त्याचं वजन साधारण १६० ग्रॅम असतं. वेगवान गोलंदाजाने तो ताशी १४० किलोमीटरने टाकला, तर हवा त्याला जवळपास त्याच्या वजनाइतक्याच जोराने मागे ढकलते. गुरुत्वाकर्षण त्याला जेवढं खाली ओढतं, तेवढंच हवा मागे ओढते! म्हणून स्क्रीनवर १४० दिसत असलं, तरी टप्पा पडेपर्यंत ताशी १० ते १५ किलोमीटर वेग कमी झालेला असतो. स्क्रीनवर दिसतो तो हातातून सुटतानाचा वेग.

याचा आणखी एक परिणाम टीव्हीवर सहज दिसतो. पुस्तकातली आकृती दोन्ही बाजूंनी सारखी असते, चेंडू ज्या कोनात वर जातो त्याच कोनात खाली येतो. खऱ्या षटकाराचा मार्ग असा नसतो. ४५ अंशांत वर गेलेला चेंडू पुढे जाण्याचा वेग गमावत जातो आणि शेवटी ५५ अंशांच्या आसपास, म्हणजे बराच उभा खाली पडतो. सीमारेषेवरच्या क्षेत्ररक्षकाचा अंदाज चुकतो, त्याचं एक कारण हेही आहे.

बेंगळुरूचं चिन्नास्वामी स्टेडियम समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. तिथली हवा मुंबईपेक्षा साधारण नऊ-दहा टक्के विरळ असते. त्यामुळे तोच फटका तिथे काही मीटर जास्त जातो. तिथे धावांचा पाऊस पडतो याला लहान सीमारेषा तर कारण आहेच, पण हवेचाही थोडा वाटा आहे.

वारा सुटला की हिशोब आणखी बिघडतो

आतापर्यंत हवा स्थिर आहे असं धरलं होतं. वारा असेल तर वस्तूचा जमिनीच्या तुलनेतला वेग कामाचा नाही, हवेच्या तुलनेतला वेग मोजावा लागतो.

एक सायकलस्वार ताशी २० किलोमीटरने चालला आहे आणि समोरून ताशी १० किलोमीटरचा वारा येतो आहे. हवेच्या दृष्टीने तो ३० च्या वेगाने चालला आहे. परत येताना तोच वारा पाठीमागून, म्हणजे हवेच्या दृष्टीने वेग फक्त १०. आता वर्ग करा. जाताना ९००, येताना १००, सरासरी ५००. वारा नसता, तर दोन्ही वेळा ४००. म्हणजे जाताना जेवढं नुकसान होतं, तेवढा फायदा येताना मिळत नाही. जाता-येताना दोन्ही वेळा वारा समोरूनच होता असं सायकलवाल्यांना वाटतं, ते अगदीच खोटं नाही.

ॲथलेटिक्सने हे नियमातच घालून टाकलं आहे. १०० मीटर, २०० मीटर, लांब उडी आणि तिहेरी उडी या प्रकारांत पाठीमागून येणारा वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असेल, तर विक्रम धरला जात नाही. १९६८ च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकमध्ये बॉब बीमनने ८.९० मीटरची अचाट उडी मारली, तेव्हा वाऱ्याची नोंद बरोबर २.० होती. वर शहर २,२०० मीटरहून उंच, हवा विरळ. अर्थात, हे दोन्ही फायदे त्या दिवशी बाकीच्या स्पर्धकांनाही मिळाले होते. त्यांच्यापैकी कोणीही त्याच्या जवळपास पोचलं नाही.

तोफखान्याची शंभर वर्षांची चूक

फेकलेली वस्तू पॅराबोला म्हणजे अन्वस्ताच्या मार्गाने जाते, हे गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात मांडलं. हवेमुळे हा मार्ग बिघडतो, हे त्याला ठाऊक होतं. पण त्याच्यानंतरच्या तोफखान्याच्या पुस्तकांनी सोपं गणित उचललं आणि हवा सोडून दिली. युक्तिवाद वरवर पटण्यासारखा होता. लोखंडाचा किंवा शिशाचा एवढा जड गोळा, त्याला पातळ हवा काय अडवणार?

ही समजूत मोडून काढली बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. १७४२ मध्ये त्याचं ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’ हे पुस्तक आलं. त्याची युक्ती फार साधी होती. एक जड लाकडी ठोकळा लंबकासारखा टांगायचा आणि त्यावर बंदुकीची गोळी झाडायची. गोळी लाकडात रुतते आणि लंबक मागे झुलतो. तो किती झुलला, ते त्याला बांधलेली फीत किती ओढली गेली यावरून मोजायचं. त्यावरून गोळीचा वेग काढता येतो. मग बंदूक थोडी मागे नेऊन पुन्हा तोच प्रयोग. जवळून आणि लांबून झाडलेल्या गोळ्यांच्या वेगात जो फरक येतो, ती हवेची करामत.

निकाल पाहून त्या काळचे जाणकार चक्रावले. सेकंदाला ५०० मीटरच्या आसपास वेगाने निघालेल्या गोळीला हवा तिच्या वजनाच्या शंभरपटीहून जास्त जोराने मागे रेटत होती. चेंडूच्या बाबतीत हा आकडा एकपट होता, हे आठवा. गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाजवळ, म्हणजे सेकंदाला साधारण ३४० मीटरच्या आसपास आला की रोध एकदम उसळी मारतो, हेही रॉबिन्सच्या लक्षात आलं होतं. सुपरसॉनिक विमान बनवणाऱ्यांना याच अडचणीशी झुंजावं लागलं, पण ते दोनशे वर्षांनंतर.

हे पुस्तक इतकं महत्त्वाचं ठरलं की लिओनार्ड ऑयलरसारख्या थोर गणितज्ञाने १७४५ मध्ये ते स्वतःच्या भाष्यासह जर्मनमध्ये आणलं. रॉबिन्सची अखेर मात्र भारतात झाली. ईस्ट इंडिया कंपनीने त्याला मद्रासकडच्या किल्ल्यांची तटबंदी सुधारण्यासाठी पाठवलं होतं. १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये तापाने त्याचा मृत्यू झाला.

पुढे हवेचा हिशोब धरून तोफा बनू लागल्या आणि एक गंमत लक्षात आली. हवा नसेल तर ४५ अंशांत सर्वांत लांब पल्ला मिळतो. हवा असेल तर सहसा त्याहून कमी कोन फायद्याचा ठरतो, कारण वस्तू हवेत जितका जास्त वेळ राहील तितकी हवा तिला खाते. पण पहिल्या महायुद्धात जर्मनीने हा नियम उलटा फिरवला. मार्च १९१८ मध्ये त्यांच्या ‘पॅरिस गन’ने सुमारे १२० किलोमीटरवरून पॅरिसवर गोळे टाकले. ही तोफ ४५ अंशांपेक्षा जास्त उभी धरून डागली जाई. गोळा सुमारे ४० किलोमीटर उंच जाई. तिथे हवा जवळजवळ नसतेच. दाट हवेतून पटकन बाहेर पडायचं आणि बहुतेक प्रवास विरळ हवेत उरकायचा, असा तो हिशोब होता. एवढ्या लांबून गोळा येऊ शकतो हे पटेना, म्हणून सुरुवातीला पॅरिसच्या लोकांना विमानातून बॉम्ब पडताहेत असंच वाटलं.

भाला मैदानाबाहेर जाईल म्हणून नियम बदलला

हवा फक्त अडवते असं नाही. आकार योग्य असेल तर ती वस्तूला उचलूनही धरते. भाला याचं उत्तम उदाहरण आहे.

पुरुषांच्या भाल्याचं वजन किमान ८०० ग्रॅम आणि लांबी २.६ ते २.७ मीटर असते. तो किंचित नाक वर ठेवून हवेतून जातो, तेव्हा खालून येणारी हवा त्याला विमानाच्या पंखासारखी तोलून धरते. १९८० च्या दशकापर्यंत भाले इतके छान तरंगू लागले होते की २० जुलै १९८४ रोजी पूर्व बर्लिनमध्ये उवे होन याने १०४.८० मीटर फेक केली. शंभर मीटरच्या पुढे भाला टाकणारा तो एकमेव माणूस आहे. हाच उवे होन पुढे नीरज चोप्राचा प्रशिक्षक झाला आणि नीरजने २०१८ चं एशियाड सुवर्ण त्याच्याच मार्गदर्शनाखाली जिंकलं.

होनच्या फेकीने आनंदापेक्षा काळजीच जास्त वाढवली. स्टेडियममध्ये भाल्यासाठी जागा मर्यादित असते आणि पलीकडे धावपटू असतात, पंच असतात. शिवाय जुने भाले अनेकदा आडवेच जमिनीला टेकत. टोक आधी टेकलं की नाही, यावरून वाद होत.

उपाय एका बदलात सापडला. १९८६ पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य ४ सेंटिमीटर पुढे सरकवण्यात आला. एवढ्याने काय झालं? हवेचा दाब ज्या बिंदूवर एकवटतो, तो आता गुरुत्वमध्याच्या मागे राहू लागला. हवा शेपटी वर उचलते, नाक खाली झुकतं आणि भाला लवकर जमिनीत रुततो. अंतरं सुमारे दहा टक्क्यांनी घटली आणि विक्रमांची पाटी कोरी करावी लागली.

मग पळवाटही निघाली. हंगेरीचा ऑलिंपिक विजेता मिक्लोश नेमेथ याने शेपटीकडे खडबडीत पृष्ठभाग असलेले भाले आणले. खडबडीतपणामुळे हवा भाल्याला जास्त वेळ चिकटून वाहते आणि नाक खाली जायला उशीर होतो. गोल्फच्या चेंडूवरचे खळगे याच तत्त्वावर काम करतात. गुळगुळीत चेंडूपेक्षा खळग्यांचा चेंडू खूप लांब जातो, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटतच नाही. १९९१ मध्ये खडबडीत भाल्यांवर बंदी आली आणि त्यांनी केलेले विक्रमही पुसले गेले. आजचा विक्रम यान झेलेझ्नीचा आहे, ९८.४८ मीटर. तो १९९६ चा आहे. नीरजने मे २०२५ मध्ये दोह्याला ९०.२३ मीटर फेक केली, ती या नव्या, ‘नाक जड’ भाल्याने. त्यामुळे होनच्या आकड्याशी तिची तुलना करण्यात अर्थ नाही.

समृद्धीवर १२० ने गाडी हाकताना

आता रस्त्यावर येऊ. साधारण आकाराची कार ताशी ६० किलोमीटरने चालली असेल, तर हवा तिला सुमारे ११ किलो वजनाइतक्या जोराने मागे रेटते. १२० ला हाच जोर ४४-४५ किलो होतो. पण इंजिनाला लागणारी शक्ती चौपट नाही, आठपट लागते, कारण तो चौपट रोध दुप्पट वेगाने पार करायचा असतो. समृद्धी महामार्गावर सपाट भागात कारला १२० ची परवानगी आहे. तिथे १०० वरून १२० वर गेलं की वेग २० टक्के वाढतो आणि हवेचा रोध ४४ टक्के. पेट्रोलचा काटा पळतो तो उगाच नाही. टपावर सामानाचं कॅरियर असेल तर आणखीच.

ट्रकचं दुखणं वेगळं आहे. समोरून सपाट, मागूनही सपाट. हवा पुढे आपटते आणि ट्रकच्या मागे पटकन एकत्र येऊ शकत नाही. तिथे कमी दाबाची, भोवऱ्यांची पोकळी तयार होते आणि ती ट्रकला मागे खेचते. १९७० च्या दशकात नासाचे अभियंते एडविन सॉल्ट्झमन सायकलवरून कामाला जात. मोठा ट्रक शेजारून गेला की आधी बाहेर ढकलल्यासारखं आणि मग आत ओढल्यासारखं व्हायचं. विमानांवर काम करणाऱ्या या माणसाच्या डोक्यात आलं, याच हवेशी तो ट्रक दिवसभर झगडत असणार. मग त्यांच्या केंद्रात एका व्हॅनवर सपाट पत्र्यांची पेटी चढवली गेली आणि तिचे कोपरे एकेक करून गोल करत रोध मोजला गेला. नुसते कोपरे गोल केल्याने तो निम्म्याच्या आसपास उतरला. आजच्या ट्रकच्या केबिनवर दिसणारा तिरका पंखा या विचारातूनच आला.

दुचाकीवाल्यांनी यातली एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. बाजूने जोराचा वारा असताना ट्रकच्या आडोशाला गाडी शांत वाटते. ट्रकच्या पुढे निघताक्षणी तो आडोसा संपतो आणि बाजूचा वारा एकदम आदळतो. हँडल हलतं ते त्याच वेळी.

मुंबई-पुण्यात उंच इमारतींवर दिसणाऱ्या टॉवर क्रेन याच कारणाने काम संपल्यावर मोकळ्या सोडतात. ब्रेक काढलेला असतो, त्यामुळे क्रेनचा लांब हात वाऱ्याच्या दिशेने वळतो. रात्री क्रेन आपोआप फिरताना दिसली, तर घाबरण्याचं कारण नाही. हात एका जागी जखडून ठेवला आणि वारा आडवा लागला, तर धोका जास्त.

वाऱ्याचा हिशोब न धरलेला पूल

स्कॉटलंडमध्ये टे नदीच्या मुखावर १८७८ मध्ये सुमारे दोन मैल लांबीचा रेल्वे पूल खुला झाला. तो बांधणारे अभियंते टॉमस बाउच यांना त्याबद्दल ‘सर’ हा किताबही मिळाला. २८ डिसेंबर १८७९ च्या संध्याकाळी तुफानी वाऱ्यात एक प्रवासी गाडी त्या पुलावर चढली. पुलाचा मधला, सर्वांत उंच भाग गाडीसकट नदीत कोसळला. सुमारे ७५ माणसं गेली. गाडीतलं कोणीही वाचलं नाही.

चौकशीत बाउच यांनी कबूल केलं की वाऱ्याच्या दाबासाठी त्यांनी वेगळी तरतूद केलेली नव्हती. ओतीव लोखंडाच्या खांबांची कामं आणि देखभालही निकृष्ट होती. पुढच्याच वर्षी त्यांचं निधन झालं. जवळच्या फोर्थच्या खाडीवर त्यांनीच आखलेला दुसरा पूल रद्द झाला. ब्रिटनमध्ये यापुढे पुलांसाठी चौरस फुटाला ५६ पौंड वाऱ्याचा दाब धरायचा, असा दंडक घातला गेला. १८९० मध्ये उभा राहिलेला फोर्थ पूल एवढा अवाढव्य दिसतो, त्यामागे टेची धास्ती आहे. नदीतून बाहेर काढलेलं इंजिन मात्र दुरुस्त करून पुन्हा वापरात आणलं गेलं. रेल्वेवाल्यांनी त्याचं नाव ठेवलं ‘डायव्हर’, म्हणजे पाणबुड्या.

हा हिशोब आपल्या गाड्यांना लावून बघता येतो. ताशी १०० किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर साधारण ४७ किलो वजनाइतका दाब देतो. प्रवासी डब्याची एक बाजू अंदाजे ७० चौरस मीटर धरली, तर एका डब्यावर सव्वातीन टन. वारा १५० चा झाला, तर सात टनांच्या पुढे. ४० टनांचा डबा एवढ्याने लगेच उलटत नाही. पण वाऱ्याकडच्या चाकांवरचा भार कमी होतो, त्यात वळण किंवा जोराचा झोत आला की धोका वाढतो. रिकामे वॅगन हलके असतात, म्हणून त्यांची काळजी जास्त. शिवाय जमिनीलगत झाडं, घरं, टेकड्या वाऱ्याला रोखतात. उंच पुलावर असा अडथळा नसतो, तिथे वारा खालच्यापेक्षा जोरात वाहतो.

रत्नागिरीजवळचा कोकण रेल्वेचा पानवल पूल ६४ मीटर उंच आहे, म्हणजे जवळपास वीस मजली इमारतीएवढा. रत्नागिरी आणि निवसर या स्थानकांमधल्या या पुलावर कोकण रेल्वेने वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं बसवली आहेत. अशीच यंत्रं गोव्यात थिवी आणि करमळीमधल्या मांडवीच्या पुलावर, करमळी आणि वेर्णेमधल्या झुआरीच्या पुलावर आणि कर्नाटकात होन्नावरजवळ शरावतीच्या पुलावर आहेत. वाऱ्याचा वेग वाढला की त्याची सूचना मिळते आणि गाड्यांचं नियंत्रण त्यानुसार करता येतं. तेव्हा ऐन पावसाळ्यात गाडी पुलाअलीकडे उगाच थांबली असं वाटलं, तर रूळ मोकळा असूनही ती पुढे वाऱ्याचा जोर ओसरण्याची वाट पाहत असू शकते.